सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि आयर्लंडातला खून

मला क्षय झाला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, जव्हारच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि आयुष्यात एकही इंग्रजी कादंबरी मी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. गाइडं वाचली होती, पाठ्यपुस्तकातले धडे तोंडपाठ होते, पण कादंबरी नाही. हा आजार आणि हे अज्ञान, दोन्ही मी जिवापाड लपवलं. आता बरी होऊन कितीतरी वर्षं झाली, म्हणून दोन्ही सांगून टाकते.

ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा तो कागद पडला आहे, त्यांनी हे वाचावं असं वाटतं. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त काय काय झालं ते सांगते.

डबी

नवं शतक नुकतंच लागलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली तरी माझा खोकला संपत नव्हता. वजन उतरलं होतं. शाळेतल्या बायका विचारायच्या, "काय, खाणं कमी केलंत का?" आणि खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटायचं. मग एका संध्याकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. तो रुमाल मी दोनदा धुतला आणि न वाळवताच कपाटात कोंबला.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला द्यायची म्हणजे छोट्या डबीत घालून न्यायची. मी ती डबी जेवणाच्या पिशवीत पोळीच्या डब्याखाली लपवून नेली. रांगेत उभी असताना मागून आवाज आला, "नमस्कार बाई." माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. सवयीनं मी दोन्ही हात जोडले, आणि जोडलेल्या हातांच्या मधोमध ती डबी. तेही बघत राहिले, मीही बघत राहिले.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "टीबी आहे, बाई. सहा महिन्यांत ठणठणीत व्हाल. पण सहा म्हणजे सहा." मी पहिली दोनच अक्षरं ऐकली. बाहेर बाकावर येऊन बसले आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. चार वर्षांची माझी पूर्वा सकाळी माझ्याच ताटात जेवली होती.

गोळ्या चालू म्हणजे रोग चालू

माझे पती विलास सरकारी कचेरीत कारकून. स्वभावानं गरीब. मला म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही," आणि त्याच संध्याकाळी बूथवर जाऊन मोखाड्याला आपल्या आईला फोन करून सांगून आले. सांगितल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सासूबाई हजर. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेर उभं राहूनच म्हणाल्या, "पोरीचे कपडे दे. तुझ्या गोळ्या संपल्या की आणून सोडते."

मी म्हटलं, "आई, थोड्याच आठवड्यांत माझ्यापासून कुणाला धोका राहणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. कालच पूर्वालाही तपासलंय, तिला काही नाही."

"गोळ्या चालू म्हणजे रोग चालू," त्या म्हणाल्या. त्यांच्यापुरतं ते संपलं.

पूर्वा रडलीसुद्धा नाही. मोखाड्याला शेळीला करडू झालं होतं, त्यामुळे ती उड्या मारत गेली. मी दाराआडून बघितलं. तिला जवळ घेतलं तर सासूबाई काय म्हणतील, या भीतीनं मी तिला जवळही घेतलं नाही. त्या सहा महिन्यांतला सगळ्यात वाईट क्षण विचाराल तर तो हा. खोकला, ताप, उलट्या हे सगळं त्याच्यानंतर.

नावाचा खोका

त्या उपचारात गोळ्या आपल्या घरी देत नसत. आपल्या नावाचा एक खोका घराबाहेरच्या एखाद्या जबाबदार माणसाकडे ठेवायचे. आठवड्यातून तीनदा त्याच्याकडे जायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या. हेतू चांगला, पण जव्हारसारख्या गावात बाई दिवसाआड कुणाच्या घरी पाणी प्यायला जातात, हे लपायला किती दिवस लागणार? म्हणून मी गावाबाहेरचं ठिकाण मागून घेतलं. दाभोशाच्या रस्त्यावर जीपनं अर्ध्या तासावर एक पाडा आहे. तिथल्या अंगणवाडी सेविका वनिताताई यांच्याकडे माझा खोका गेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

सात गोळ्या. त्यातली एक लाल. तिनं लघवी लाल होते हे मला सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार. पहिल्या दिवशी मी मोरीत उभी राहून मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला.

वनिताताईंच्या ओटीवर त्यांचे सासरे बसलेले असत, देवजीबाबा. सत्तरीचे, काटक, बोलताना मधेच श्वासासाठी थांबणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "छाती का?" मी मान हलवली. "मला बी जवानीत हाच दुखना व्हता. सुया टोचायचे. जरा बरा वाटला तवा सोडून दिला आन् वीटभट्टीवर गेलो. आता अर्धी छाती हाय. अर्धी भट्टीवर ठेवून आलो." आणि हसले. मला हसावं की नाही कळेना. त्या दिवसांत माझ्यासमोर कुणी हसतच नव्हतं.

रद्दीतून आलेलं पुस्तक

माझा भाऊ ठाण्यात कामाला. तो भेटायला आला, लांबच्या खुर्चीवर बसला आणि रद्दीच्या दुकानातून आणलेली इंग्रजी पुस्तकं माझ्यापुढे ठेवून गेला. "तू इंग्रजीची बाई. रजेवर आहेस, वाच." त्यात एका जाड पुस्तकाला पुठ्ठाच नव्हता. सुरुवातीची पानंही नव्हती. त्यामुळे त्याचं नाव काय, लिहिलं कुणी, हे मला आजतागायत माहीत नाही. गोष्ट आयर्लंडातली होती एवढं आतून कळलं.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन पानं झाली. आठवड्यानं शब्दकोश बाजूला पडला.

गोष्ट अशी. डोंगरातलं, सदा भिजलेलं एक खेडं. दोन म्हाताऱ्या बहिणी आणि त्यांचा एक भाऊ. भाऊ भारी जाचक. शेकोटीजवळ कुणी बसायचं तेही तोच ठरवणार. एक दिवस थोरली चहाची लोखंडी किटली त्याच्या डोक्यात घालते. मुद्दाम घालते की हातून होतं, ते तिलाही नक्की सांगता येत नाही. मग दोघी मिळून त्याला घरामागच्या दलदलीत पुरतात आणि भाऊ अमेरिकेला गेला असं गावात सांगतात. पंचाईत अशी की त्या दलदलीत काही कुजत नाही. दरवर्षी कुणीतरी तिथं खणायला येतो आणि भाऊ वर येतो. मिशीसकट, होता तसाच. की या दोघी अंधारात पुन्हा दुसरीकडे पुरणार. शिवाय अमेरिकेतून त्याची पत्रं यायला हवीत, म्हणून धाकटी ती घरी बसून लिहिते. पत्रांत तो इतका प्रेमळ होत जातो की गाव त्याचं कौतुक करायला लागतं आणि चर्चमध्ये त्याची पत्रं वाचून दाखवतात. जिवंतपणी ज्याच्या तोंडातून कधी गोड शब्द निघाला नाही, तो मेल्यावर गावाचा लाडका होतो.

प्रेत तिसऱ्यांदा वर येतं त्या जागी थोरली त्याच्याकडे बघून धाकटीला म्हणते, हा आपल्यापेक्षा तरुण दिसायला लागलाय. तिथं मी मोठ्यांदा हसले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. स्वयंपाकघरातून विलास धावत आले. मला काय झालं तेच त्यांना कळेना.

ते पुस्तक मला इतकं का धरून बसलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरी येणारा प्रत्येक जण चेहरा पाडून यायचा. "काळजी करू नका" म्हणताना डोळे वेगळंच बोलायचे. त्या चेहऱ्यांनी मी जास्त आजारी पडले. त्या पुस्तकात मात्र मरण घरात चहाच्या टेबलाशी बसलेलं होतं आणि कुणी त्याच्यासाठी आवाज खाली करत नव्हतं. मला कुणीतरी बरोबरीनं वागवल्यासारखं वाटलं. मरणाला हसता येतं हे कळल्यावर माझी भीती गेली असं नाही, पण ती चोवीस तासांची बारा तासांवर आली.

देवजीबाबांचा मामा

एका बुधवारी पुस्तक पिशवीतून डोकावत होतं. देवजीबाबांनी विचारलं, "त्यात काय?"

मी म्हटलं, "खुनाची गोष्ट आहे, बाबा."

"सांग मंग."

"दिवसाढवळ्या? दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात."

"माझा मामा कवाच मेला," बाबा म्हणाले. "चुकून चुकून कुठं जायचा."

असं ते सुरू झालं. गोळ्या घ्यायच्या, उलटी होत नाही ना म्हणून वनिताताई अर्धा तास बसवून ठेवायच्या, त्या अर्ध्या तासात मी गोष्ट सांगायची. मी वाचून जायची ते इंग्रजी, सांगायची ते मराठी, आणि वनिताताई अवघड जागी त्यांच्या घरच्या बोलीत करून द्यायच्या. वर्गात मी कधी इतकं जीव तोडून शिकवलं नसेल.

एका ठिकाणी मी अडले. त्या खेड्यातले लोक चुलीत माती जाळतात असं पुस्तक म्हणत होतं. शब्दकोशही तेच म्हणत होता, दलदलीतली माती, वाळवून जळणाला वापरतात. मला वाटलं, छापण्यात चूक झाली असेल.

बाबांना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. "भाताच्या रोपांसाठी राब भाजतो तवा काय करतो? शेण, पाला, त्यावर माती. माती जळतेच की. आमची थोडी जळते, त्यांची जास्त जळत असल." मग जरा थांबून श्वास घेऊन म्हणाले, "पन जी माती जळते तिच्यात माणूस पुरला ह्या बायांनी? येड्याच. कोनीतरी चुलीसाठी खणायला येनारच."

पुस्तकाचं सगळं मर्म त्यांनी एका वाक्यात काढून दिलं. त्या दिवशी मला कळलं की शिकलेली मी असले तरी हे पुस्तक कळणारे ते होते.

छातीला सांगू नको

जानेवारीत माझी थुंकी स्वच्छ आली. मी शाळेत रुजू झाले. तो कागद घेऊन विलास आणि मी मोखाड्याला गेलो. सासूबाईंनी कागद उलटसुलट केला. "गोळ्या संपल्या?"

"नाही, अजून चार महिने..."

त्यांनी कागद परत दिला. पूर्वा दारात करडाशी खेळत होती. माझ्याकडे आली, माझा हात हुंगला आणि म्हणाली, "तुला औषधाचा वास येतो." मग पुन्हा खेळायला गेली. ती मला विसरत चालली होती.

त्या रात्रीच मी ठरवलं, गोळ्या बंद. बरं वाटतंय, कागद स्वच्छ आहे, मग अजून कुणासाठी खायच्या? सोमवारी जाऊन वनिताताईंना म्हटलं, "आज शेवटचं. घरी मुलगी परत आणायची आहे." त्यांनी समजावलं, रागावल्या. मी ऐकेना. म्हटलं, "तुम्हाला काय कळायचं, माझी पोर मला विसरायला लागलीय." आज ते शब्द आठवले की लाज वाटते. त्या बाईंची स्वतःची दोन मुलं आश्रमशाळेत होती, सुट्टीलाच घरी यायची.

देवजीबाबा ऐकत होते. म्हणाले, "माझ्या पोरी दोन. त्यांना घेऊनच भट्टीवर गेलो. त्यांच्यासाठीच गेलो." मग म्हणाले, "सासूला सांग, संपल्या. तुझ्या त्या दोघी बाया सांगतात तसा सांग. खोटा सासूला सांग. छातीला सांगू नको."

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. फोनवर विलासना बोलायला लावलं नाही, ते घाबरून खरं सांगून बसले असते. मीच बोलले, "आई, झालं सगळं." रविवारी पूर्वा घरी आली.

नियमानं आता आठवड्यातून एकदाच वनिताताईंसमोर गोळ्या घेऊन बाकीच्या घरी न्यायच्या होत्या. मीच म्हटलं, तिन्ही दिवस इथंच येते. घरी पाकिटं सापडण्याची भीती होतीच, आणि गोष्टही अर्धी होती. पूर्वाला बरोबर न्यायची. ती अंगणवाडीच्या पोरांत रमायची. शेजारच्यांना आम्ही सांगितलं की बाई पाड्यावर शिकवणी घेतात.

फेब्रुवारीत पुस्तक संपलं. शेवटी कळतं की गावाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तिथला पोलीससुद्धा मुद्दाम ठरलेल्या चहाच्या वेळीच यायचा, म्हणजे बहिणींना प्रेत झाकायला वेळ मिळावा. मी मोठ्या दिमाखात हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते तर मला आधीच ठाव व्हता. एवढासा गाव."

मला त्याचा अर्थ दोनच दिवसांनी समजला. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्या गोळ्या मेमध्ये संपतील ना? मग जूनपासून दुपारचे तास देतो. तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार लवकर जात जा." शिक्षकांच्या खोलीतली खिडकीजवळची, वाऱ्याची खुर्ची माझ्यासाठी कशी काय नेहमी रिकामी असते याचं मी इतके दिवस नवल करत होते. मी मान खाली घालून "हो सर" म्हटलं आणि बाहेर येऊन रडले. समाधानानं रडले.

शिमग्यानंतर

चार वर्षांच्या मुलीला "आजीला सांगू नको" म्हणणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात ढोल देणं. शिमग्याला आम्ही मोखाड्याला गेलो. होळीपुढं आजीच्या मांडीवर बसून पूर्वानं सगळं सांगितलं. आई जीपनं एका आजोबांकडे जाते. तिथं लाल गोळी खाते. आणि ते आजोबा मेलेल्या माणसाला मातीतून काढतात आणि परत पुरतात.

सासूबाईंनी हिशेब जुळवला. सून कुणा मांत्रिकाकडे, भगताकडे जाते. आणि साध्यासुध्या नाही, प्रेतं उकरणाऱ्या. सणाच्या दिवशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या बुधवारी जव्हारला आल्या, कचेरीतून विलासना उठवलं आणि जीपनं थेट पाड्यावर. यांनी निदान वाटेत तरी खरं सांगून टाकावं की नाही? "जीप फार आदळत होती," असं नंतर म्हणाले.

देवजीबाबांनी गोष्ट दुसऱ्यांदा लावायला सांगितली होती. त्यामुळे सासूबाई ओटीपाशी पोचल्या तेव्हा बाबा मला विचारत होते, "पहिल्यांदा पुरला तवा डोका कुठं केला, उगवतीला का मावळतीला?" आणि मी सांगत होते, "घाईत होत्या, बाबा, जसा मावला तसा घातला."

सासूबाई पुढं झाल्या. "तू भगत का?"

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाय, बाय. मी फकस्त ऐकतो. ही गोळ्या गिळते आन् गोष्ट सांगते. बस, अर्धी झाली हाय."

वनिताताई आतून खोका घेऊन आल्या. त्यावर माझं नाव होतं, आत रिकामी पाकिटं नीट लावलेली, आणि भरलेली उरलेली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण रिकामं आणि भरलेलं कळत होतं.

"म्हणजे संपल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. दोन महिने राहिलेत. मी खोटं बोलले."

पूर्वा अंगणात होती. सासूबाई वळल्या, तिच्याकडे बघत राहिल्या. आता त्या तिचा हात धरून चालू लागणार, याची मला खात्री होती, आणि मी त्यांना अडवणार होते. पहिल्यांदाच अडवणार होते. विलासही माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, हे मी आजही विसरलेले नाही.

सासूबाई ओटीवर बसल्या. "आज घेतल्यास?"

"अजून नाही. वनिताताई आत्ताच आल्यात."

"मग घे की. वाट कुणाची बघतेस?"

मी त्यांच्यासमोर गोळ्या घेतल्या. त्या एकेक गोळी तोंडात जाताना बघत होत्या. मग अर्धा तास आम्ही सगळे तिथंच बसलो. बाबांनी त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगितली, श्वास घेत घेत, किटलीसकट. सासूबाई हसल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत.

परतताना जीपमध्ये पूर्वा त्यांच्या मांडीवर झोपली. सासूबाई बाहेर बघत बोलायला लागल्या. मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. त्या लहान असताना त्यांची आई क्षयानं गेली. गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. आत जायला बंदी. मावशी अंगारा आणायची, कुणी एक गोळी दिली नाही. शेवटी शेवटी दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. "म्हणून औषध म्हटलं की मला तो दवाखाना आठवतो," त्या म्हणाल्या. "औषध सुरू झालं म्हणजे माणूस चाललं, असंच धरून बसले होते मी."

जव्हार जवळ आलं तेव्हा त्यांनी पूर्वाच्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोललीस ते बरं केलंस. खरं सांगितलं असतंस, तर मी पोर दिली नसती."